खुर्द्याचा हिशेब

१७६१ चा जानेवारी महिना. पानिपतावर अडकलेल्या फौजेला कुमक घेऊन नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते आणि वाटेत त्यांच्या हाती एका सावकारी पेढीचं पत्र लागलं, अशी हकीकत मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वरवर पाहता मजकूर व्यापारातल्या नुकसानीचा. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा गेल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची तर गणतीच नाही, अशा अर्थाचा. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव. मोहरा म्हणजे नामांकित सरदार. शाळकरी मुलंही हा उलगडा करून सांगतात आणि तिथेच थांबतात.

खुर्दा म्हणजे कोण? घोड्याचा खरारा करणारा मोतद्दार, तोफेच्या गाड्याला बैल जुंपणारा गाडीवान, पखालीतून पाणी वाहणारा भिस्ती, दुसऱ्याच्या घोड्यावर बसून लढणारा बारगीर, फौजेच्या संरक्षणात काशी-प्रयाग पाहून घ्यावं म्हणून निघालेली म्हातारी माणसं, बुणग्यांच्या गर्दीतली बायकामुलं. पानिपतानंतर महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत जो आकांत झाला तो या खुर्द्यासाठी होता, आणि पत्रानं नेमकी त्याचीच गणती सोडून दिली होती.

इतिहासातला थोर सेनापती कोणाला म्हणायचं, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मोती आणि मोहरांच्या भाषेत दिलं जातं. किती लढाया जिंकल्या, किती मुलूख घेतला, किती कमी फौजेनिशी किती मोठ्या फौजेचा पाडाव केला. युद्धकलेच्या अभ्यासाला या मोजपट्ट्या पुरतात. पण ‘थोर’ हा शब्द उच्चारला की प्रश्न कलेपुरता राहत नाही, तो धर्माच्या अंगणात येतो. ज्याच्या एका शब्दावर हजारो माणसं मरतात आणि मारतात, त्याला थोर म्हणायचं तर ते कोणत्या आधारावर? तो आधार शोधायचा असेल, तर सेनापतीनं खुर्द्याचा हिशेब ठेवला का, कधी ठेवला आणि तो कोणाच्या नावावर मांडला, हे पाहावं लागतं.

महाभारत या प्रश्नाशी कसं वागतं ते पाहण्यासारखं आहे. युद्धाची चार पर्वं सेनापतींच्या नावानं ओळखली जातात: भीष्म, द्रोण, कर्ण, शल्य. चौघेही हरलेल्या बाजूचे. पांडवांच्या बाजूनं अठराही दिवस एकच सेनापती होता, धृष्टद्युम्न. तो जिंकला. त्याच्या नावाचं पर्व नाही. ज्या ग्रंथात विजेत्याच्या सेनापतीला एक पर्वही मिळत नाही, तो ग्रंथ सेनापतीचं माप विजयानं घेत नाही हे उघड आहे.

मग कशानं घेतो? कौरवांचे सेनापती क्रमानं पाहिले की काही हाती लागतं. भीष्मांच्या वेळी दोन्ही बाजू युद्धाचे नियम ठरवतात. पाठ फिरवलेल्यावर वार करायचा नाही, शस्त्र टाकलेल्याला मारायचं नाही, सारथी आणि ओझं वाहणाऱ्यांवर हत्यार उगारायचं नाही. हे नियम खुर्द्याच्या रक्षणाचे आहेत, हे लक्षात घ्यायला हवं. दहा दिवसांनी भीष्म पडतात. द्रोणांच्या पाच दिवसांत अभिमन्यूला घेरून मारलं जातं, युद्ध रात्रीही चालू राहतं, आणि अखेर पुत्र मेल्याच्या बातमीनं शस्त्र खाली ठेवून योगस्थ बसलेल्या द्रोणांचंच मस्तक धृष्टद्युम्न उडवतो. त्यावरून पांडवांच्याच गोटात अर्जुन, सात्यकी आणि धृष्टद्युम्न यांच्यात कडाक्याचं भांडण पेटतं. कर्ण दोन दिवस, शल्य अर्धा. शेवटी मांडी मोडून पडलेला दुर्योधन अश्वत्थाम्याला सेनापतिपदाचा अभिषेक करवतो. त्या सेनेत त्याच्यासह तीनच माणसं उरलेली असतात. हा पाचवा सेनापती झोपलेल्या छावणीत शिरतो आणि धृष्टद्युम्नाला शस्त्रानं मरण्याचीही मुभा न देता लाथांनी ठार करतो. तेच युद्ध, तीच बाजू. अठरा दिवसांत सेनापतिपद कुठून कुठे आलं!

त्यानंतर स्त्रीपर्वात एक प्रसंग येतो. त्याची चर्चा व्हायला हवी तितकी होत नाही. धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, किती मेले? युधिष्ठिर अब्जाच्या पलीकडे जाणारा आकडा सांगतो. अठरा अक्षौहिणींच्या गणिताशी तो जुळत नाही, आणि इतकी माणसं तेव्हा होती असं कोणी म्हणणारही नाही. आकड्याच्या खरेपणापेक्षा तो विचारला गेला आणि जिंकलेल्या राजानं त्याचं उत्तर दिलं, ही गोष्ट मोठी आहे. पुढे धृतराष्ट्र विचारतो, ज्यांचं कोणी नाही त्यांचं काय? युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य यांना सगळ्यांच्या अंत्यसंस्कारांची आज्ञा देतो. राजांच्या चिता वेगळ्या रचल्या जातात. नाना देशांहून आलेल्या, ओळख नसलेल्या हजारोंनाही गोळा करून अग्नी दिला जातो. कुरुक्षेत्रावर खुर्दा मोजला गेला.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. हिशेब करत बसला तर सेनापती लढणार कसा? अर्जुनानं दोन्ही सैन्यांच्या मधोमध उभं राहून हाच हिशेब केला होता. आजे, गुरू, मामा, भाऊ, नातू. त्याचा घसा कोरडा पडला, गांडीव गळून पडलं, आणि ते पुन्हा उचलायला लावण्यासाठी गीता सांगावी लागली. सैनिकांवरच्या प्रेमानं हात आखडणारा सेनापती कधी कधी जास्त माणसं मारतो, याला इतिहासात पुरावा आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात जॉर्ज मॅक्लेलन हा उत्तरेचा सेनापती सैनिकांचा अतिशय लाडका होता. त्याला फौज घडवता येत असे. ती झुंजीत लोटताना मात्र त्याचं मन मागे येई. १७ सप्टेंबर १८६२ रोजी अँटिएटमला रॉबर्ट ली याची थकलेली सेना त्याच्यासमोर होती, राखीव फौज हाताशी होती. तरी त्यानं निकराचा घाव घातला नाही, आणि नदी ओलांडून ली निसटला. त्यानंतर ते युद्ध अडीच वर्षं चाललं.

युलिसिस ग्रँट यानं ते संपवलं. त्याला त्याच्या हयातीतच लोकांनी खाटीक म्हटलं, कारण १८६४ च्या उन्हाळ्यात त्यानं माणसं अक्षरशः ओतली. पण १८८५ मध्ये घशाच्या कर्करोगानं मरणपंथाला लागलेला ग्रँट आठवणी लिहीत होता, तेव्हा कोल्ड हार्बरच्या शेवटच्या हल्ल्याचा आपल्याला कायम पश्चात्ताप वाटत आला, असं त्यानं स्पष्ट लिहून ठेवलं. त्या हल्ल्यातून झालेल्या हानीच्या मानानं काहीच पदरात पडलं नव्हतं. जिंकलेला, दोनदा राष्ट्राध्यक्ष झालेला माणूस मृत्यूच्या दारात बसून एक खातं उघडतो आणि त्यात आपलं देणं लिहितो. हिशेब ठेवणं म्हणजे लढायला नकार देणं नव्हे, हे ग्रँटवरून कळतं.

अर्जुनाच्या प्रश्नाकडेही याच नजरेनं पाहता येईल. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता, त्याची वेळ चुकली होती. ती वेळ उद्योगपर्वातली होती. तेव्हा कृष्ण हस्तिनापूरला शिष्टाईला गेला, पाच गावांवरही समेट होईल का ते पाहिलं गेलं, आणि सुईच्या अग्रावर मावेल इतकीही जमीन मिळणार नाही हे ऐकूनच तो परतला. युद्धाआधी सगळे दरवाजे ठोठावून झालेल्या माणसालाच रणांगणावर ‘ऊठ, लढ’ म्हणण्याचा अधिकार पोचतो. १९७१ च्या एप्रिलमध्ये जनरल माणेकशॉ यांनी पूर्व पाकिस्तानात लगेच उतरायला नकार दिला, ही त्यांनी स्वतः अनेक व्याख्यानांत सांगितलेली हकीकत याच जातीची. पावसाळा तोंडावर आला होता, नद्या फुगणार होत्या, हिमालयातल्या खिंडी मोकळ्या होत्या. त्यांनी पंतप्रधानांकडे वेळ मागितला आणि त्यासाठी राजीनामाही पुढे केला. डिसेंबरात युद्ध पेटलं ते तेरा दिवसांत संपलं. पावसाळ्यात चिखलात रुतून जे जवान मेले असते, त्यांची नावं कुठल्याही स्मारकावर नाहीत, कारण ते घरी परतले.

आता महाराष्ट्रातल्याच एका रणांगणाकडे वळू. जालना जिल्ह्यातलं असई, २३ सप्टेंबर १८०३. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांची फौज उभी होती. शिंद्यांचं सुमारे अकरा हजार कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा, आणि घोडदळ वेगळं. समोर चौतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली, हाताशी साडेचार हजारांच्या आसपास मुख्य फौज. समोरून केळणा ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. बाजूला उतार आहे का, असं त्यानं वाटाड्यांना विचारलं. सगळ्यांनी नाही म्हटलं. वेलस्लीनं दुर्बिणीतून पाहिलं तर नदीच्या अल्याड एक गाव आणि बरोबर पल्याड दुसरं, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावं अशी समोरासमोर वसली आहेत त्या अर्थी त्यांच्यात ये-जा असणार, आणि ये-जा असेल तर उतार असणार. त्यानं माणूस पाठवून खात्री केली. उतार होता.

युद्धकलेवर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, पण सेनापतीची नजर म्हणजे काय हे सांगायला एवढी एक गोष्ट पुरे. नकाशा, हेर, वाटाडे सगळे गप्प असताना वेलस्लीनं रोजच्या जगण्यावरून अनुमान काढलं. सोयरिकी होतात, बैल पाणी प्यायला जातात, बाजाराला माणसं जातात. गावं कशी जगतात हे ज्याला दिसतं, त्यालाच उतार दिसतो.

पण त्या दिवसाची दुसरी बाजूही आहे. वेलस्लीच्या बाजूचे चारशेवर ठार आणि अकराशेच्या वर जखमी झाले; फौजेच्या मानानं हा आकडा भयंकर होता. डाव्या हाताला वळायचं असताना एक तुकडी चुकून थेट असई गावाच्या रोखानं गेली, तिच्यामागोमाग ७४वी हायलँडर पलटणही गेली आणि तोफांच्या माऱ्यात दोन्ही कापल्या गेल्या. चूक त्या तुकडीच्या अधिकाऱ्याची होती. वेलस्लीनं त्या चुकीचे परिणाम लपवले नाहीत. मात्र त्या दिवशी त्या माणसानं आपली तुकडी जितक्या प्रखर माऱ्यात नेली, त्याहून प्रखर माऱ्यात कोणालाही नेता आली नसती, अशी साक्षही दिली. आणि थोड्याच दिवसांत एका पत्रात लिहिलं की इतका लाभ पुन्हा होणार असला, तरी इतकी हानी आपल्याला पुन्हा पाहायची नाही. पुढे वॉटर्लूवर नेपोलियनला हरवलेल्या या माणसानं आपल्या उत्तम कामगिरीविषयी विचारल्यावर असईचं नाव घेतलं.

आणि मराठ्यांच्या बाजूचं काय? दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले या दोन्ही धन्यांचा त्या लढाईच्या निर्णायक घटकांत पत्ता लागत नाही. पायदळाची सूत्रं अँटनी पोलमन या हॅनोवरच्या भाडोत्री अधिकाऱ्याच्या हाती होती. तरी गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत. इंग्रजी फळी त्यांच्या अंगावरून पुढे गेल्यावर मेल्यासारखे पडून राहिलेले काही जण उठले, त्यांनी तोफा वळवल्या आणि शत्रूच्या पाठीवर डागल्या. हे शत्रूनंच लिहून ठेवलं आहे. त्या गोलंदाजांची नावं मात्र कोणी लिहिली नाहीत. इतकी चिवट माणसं हाताशी असताना ज्यांनी त्यांना धन्याविना सोडलं, त्यांच्यावर इतिहासानं ठेवलेला ठपका योग्यच आहे.

असईच्या पंचाहत्तर वर्षं आधी याच मराठवाड्यात वेगळी गोष्ट घडली होती. पालखेड म्हटलं की नाशिकच्या बाजूचं धरण अनेकांना आठवतं. हे पालखेड वैजापूरजवळचं. १७२७ च्या पावसाळ्यानंतर सत्तावीस वर्षांचा बाजीराव निघाला तो निजामावर सरळ चालून गेलाच नाही. जालना, सिंदखेड, वऱ्हाड, मग खानदेशातून तापी ओलांडून थेट गुजरातेत भडोचच्या बाजूला. निजामानं पुणं घेतलं, कोल्हापूरच्या संभाजीराजांचा पक्ष उचलून धरला आणि बाजीराव धावत येईल अशी वाट पाहिली. बाजीराव पुण्याकडे न येता औरंगाबादेच्या रोखानं वळला. आता राजधानी वाचवायला निजामालाच धावावं लागलं. वेग हवा म्हणून त्यानं जड तोफा मागे ठेवल्या, म्हणजे जे त्याचं खरं बळ होतं तेच उतरवून ठेवलं. २५ फेब्रुवारी १७२८ च्या सुमारास पालखेडजवळच्या निर्जल माळावर त्याच्या फौजेला मराठी घोडदळाचा वेढा पडला. दाणा बंद, वैरण बंद, पाणी बंद. बोलणी लागल्यावर तिला पाण्याच्या बाजूला सरकू दिलं गेलं. ६ मार्चला मुंगी-शेवगावला तह झाला आणि निजामानं शाहू महाराजांचा दक्षिणेतल्या चौथाई-सरदेशमुखीचा हक्क मान्य केला. घनघोर लढाई झालीच नाही. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश फील्ड मार्शल मॉन्टगोमेरी यांनी युद्धेतिहासावरच्या आपल्या पुस्तकात या मोहिमेला मानाचं स्थान दिलं आहे.

पालखेडचा मोठेपणा वेगात आहे असं सगळे म्हणतात, आणि वेग होताच. पण वेढ्यात सापडलेल्या, तहानेनं व्याकूळ झालेल्या शत्रूवर तुटून पडून कत्तल करणं बाजीरावाला शक्य होतं. राजकीय उद्देश साधल्यावर तो थांबला. थांबता येणं ही सेनापतीच्या ठायी दुर्मीळ गोष्ट आहे. नेपोलियनला १८१२ मध्ये ती साधली नाही, आणि रशियाच्या बर्फात त्याची अवाढव्य सेना विरघळून गेली.

तरीही पालखेडला ‘रक्ताविना विजय’ म्हणताना जपून बोलावं. त्या पाच-सहा महिन्यांत घोडदळ ज्या ज्या मुलखातून गेलं, तिथला दाणागोटा कोणी पुरवला? निजामाच्या ताब्यातली जालना-सिंदखेडकडची गावं लुटली, जाळली गेली. तिथला कुणबी ना निजामाचा नातेवाईक होता ना बाजीरावाचा शत्रू. खुर्दा फक्त फौजेतच असतो असं नाही, तो वाटेवरच्या शेतातही असतो.

हे मराठी इतिहासात कोणी सर्वांत स्पष्ट पाहिलं असेल तर शिवाजी महाराजांनी. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळ पावसाळी छावणीला असलेल्या लष्कराच्या अंमलदारांना त्यांनी पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात शौर्याचा शब्द नाही, वैरणीचा आहे. सगळा दाणा आणि गवत आताच उधळलं तर भर पावसात काही मिळणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, कोणी धान्य आणेल, कोणी भाजी, कोणी लाकूडफाटा. जी माणसं कशीबशी गावात टिकून आहेत ती परागंदा होतील, आणि मोगल परवडले पण हे नकोत असं म्हणतील. पुढे महाराज आगीबद्दल बजावतात. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, चिलीम ओढू नका. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात तोंडात धरून नेईल आणि गवताला आग लागेल.

ज्या माणसानं अफझलखानाला गाठलं, लाल महालात शिरून शाहिस्तेखानाची बोटं तोडली, आग्र्याहून सुटका करून घेतली, तो उंदराच्या तोंडातल्या वातीचा विचार करतो आहे. थोर सेनापती कसा असतो याचा एकच कागद दाखवायचा झाला, तर हा दाखवावा. गंज जळली की घोडी उपाशी, घोडी उपाशी की स्वार रयतेच्या दारात, स्वार दारात की रयत देशोधडीला, आणि रयत गेली की राज्य कशासाठी? एका ठिणगीपासून स्वराज्याच्या अर्थापर्यंतची सगळी साखळी त्या कागदात आहे.

याच मापानं भाऊसाहेबांकडे पाहायचं तर मन जड होतं. उदगीरचा विजेता, हिशेबात तरबेज, कारभारात दक्ष असा हा माणूस. त्याच्यासोबत लढणाऱ्यांइतकाच न लढणाऱ्यांचा तांडा पानिपतापर्यंत गेला. अब्दालीनं यमुना ओलांडून दक्षिणेची वाट तोडल्यावर या तांड्याला खायला घालायचं की फौजेला, असा पेच उभा राहिला, आणि अडीच महिन्यांच्या कोंडीत दोघंही उपाशी राहिली. १४ जानेवारीला उपाशीपोटी बाहेर पडलेली फौज दुपारपर्यंत जिद्दीनं लढली. विश्वासराव गोळी लागून पडले. भाऊ अंबारीतून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, अशी हकीकत आहे. पुतण्याच्या मृत्यूनंतर जगणं नकोसं होणं अगदी माणसासारखं आहे. पण त्या क्षणी मागच्या बुणग्यांना, बायकांना, यात्रेकरूंना वाट काढून देणारा माणूस हवा होता, आणि तो माणूस शिपाई होऊन मरायला निघून गेला. शौर्य हा शिपायाचा धर्म आहे. सेनापतीचा धर्म त्याहून कठीण आहे, कारण त्याला मरणाच्या आड लपता येत नाही. भाऊंची चूक ही.

मात्र एवढंच म्हणून थांबणं अन्यायाचं होईल. भाऊ आपल्या माणसांसोबत मेले, आणि याचं मोल कळण्यासाठी कूत-अल-अमाराची गोष्ट शेजारी ठेवावी लागते. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात जनरल चार्ल्स टाउनशेंड याची फौज तुर्कांच्या वेढ्यात अडकली. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६. या फौजेत १०३वी आणि ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री होती, ११७वी मराठा पलटण होती; कोकणातल्या, घाटावरच्या गावांतली मुलं होती. अन्न संपलं आणि २९ एप्रिलला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं गेलं, कामाच्या छावण्यांत डांबलं गेलं. कैदेतल्या गोऱ्या शिपायांपैकी निम्म्याहून खूप अधिक मेले, हिंदी शिपाई हजारोंनी मेले. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर प्रशस्त घर मिळालं. नोकरचाकर, नौकाविहार, कैदेत असतानाच ब्रिटिश सरकारचा ‘सर’ हा किताबही मिळाला. आपल्या माणसांचं काय झालं यासाठी त्यानं आवाज उठवला नाही, हे लोकांना कळलं तेव्हा त्याची कीर्ती संपली. वेढ्याच्या काळात तो लंडनच्या वृत्तपत्रांचा नायक होता. आज त्याचं नाव काढलं जातं ते या कलंकासाठी.

भाऊंनी हिशेब चुकवला, टाउनशेंडनं हिशेबाची वहीच दुसऱ्याच्या गळ्यात मारली. दोन्ही अपयशंच, पण धर्माच्या तराजूत त्यांचं वजन सारखं नाही.

वही स्वतःच्या नावावर घेणं म्हणजे काय, याचं एक उदाहरण चिठ्ठीएवढं लहान आहे. ५ जून १९४४. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरायचा हुकूम जनरल आयझेनहॉवर यांनी दिला होता. वादळामुळे बेत एक दिवस पुढे गेला होता. हवाई दलप्रमुख ली-मॅलरी यांनी बजावलं होतं की विमानांतून उतरवल्या जाणाऱ्या अमेरिकन तुकड्यांची भयंकर हानी होईल. तरीही त्यांना पाठवायचं ठरलं होतं. संध्याकाळी आयझेनहॉवर त्या जवानांत जाऊन मिसळले, गाव कुठलं, घरी काय पिकतं अशी चौकशी करत फिरले. त्याच दिवशी त्यांनी पेन्सिलीनं एक चिठ्ठी लिहून पाकिटात ठेवली. मोहीम फसली तर जाहीर करायचं निवेदन. जवानांनी शौर्याची आणि कर्तव्याची शर्थ केली, दोष असेल तर तो एकट्या माझा, असा तिचा आशय. घाईत तारीखही चुकली आहे, जूनऐवजी जुलै पडला आहे. आणि त्या चिठ्ठीत एक खाडाखोड आहे. आधी त्यांनी ‘सैन्य मागे घेण्यात आलं आहे’ अशा धाटणीचं लिहिलं होतं. ते खोडून ‘मी सैन्य मागे घेतलं आहे’ असं केलं.

सरकारी मराठी वाचणाऱ्यांना या खाडाखोडीचं मोल चटकन कळेल. ‘घेण्यात आलं’, ‘करण्यात आलं’, ‘देण्यात आलं’ या क्रियापदांत कर्ता गडप होतो आणि त्याच्यासोबत जबाबदारीही. आयझेनहॉवर यांनी एका ओळीत कर्ता परत आणला. मोहीम यशस्वी झाली, हवाई तुकड्यांची हानी भीतीपेक्षा पुष्कळच कमी झाली, चिठ्ठी वापरावी लागली नाही. काही आठवड्यांनी त्यांच्या सहायकानं ती मागून घेतली म्हणून ती जगाला कळली.

या विषयातला एक फार जुना लेखी हिशेब आपल्याच देशातला आहे. राज्याभिषेकाला आठ वर्षं झाली असताना अशोकानं कलिंग जिंकलं. त्याचा तेरावा शिलालेख सांगतो की त्या युद्धात दीड लाख माणसं तिथून हलवली गेली, एक लाख मारली गेली आणि त्याच्या कित्येक पट मेली. पुढे तो ब्राह्मण, श्रमण आणि गृहस्थ यांचं, त्यांच्या मित्रांचं, सोबत्यांचं, चाकरांचं दुःख मोजतो. ज्यांना स्वतःला इजा झाली नाही, पण ज्यांची माणसं गेली, त्यांनाही इजा झालीच, असं म्हणतो. आणि या सगळ्याचा शंभरावा, हजारावा भागही आता देवानांप्रियाला, म्हणजे त्याला स्वतःला, जड वाटेल, असं लिहितो. जिंकलेल्या राजानं आपल्याच विजयाचा असा ताळेबंद दगडात कोरून ठेवल्याचं दुसरं उदाहरण प्राचीन जगात सापडणं कठीण. खुर्द्याला, अगदी चाकरांपर्यंत, त्यात जागा आहे. याच लेखात तो अरण्यवासी टोळ्यांना आपल्या सामर्थ्याची जाणीवही करून देतो. त्यानं कलिंग परत दिलं नाही, हलवलेली दीड लाख माणसं घरी पाठवल्याचंही त्यात कुठे लिहिलेलं नाही. पश्चात्ताप खरा, पण अपुरा.

हा तेरावा लेख आजच्या पाकिस्तानात शाहबाजगढी आणि मानसेहरा इथे आहे, उत्तराखंडात कालसी, सौराष्ट्रात गिरनार, आंध्रात येर्रागुडी इथे आहे. त्याचा ग्रीक भाषेतला भाग अफगाणिस्तानात कंदाहारला सापडला आहे. खुद्द कलिंगात, म्हणजे आजच्या ओडिशात, अशोकाच्या लेखांची दोन ठिकाणं आहेत: भुवनेश्वरजवळचं धौली आणि गंजाम जिल्ह्यातलं जौगड. दोन्हीकडे अकरावा, बारावा आणि तेरावा हे लेख गाळले आहेत. त्यांच्या जागी अधिकाऱ्यांना उद्देशून दोन वेगळे लेख कोरले आहेत. सगळी माणसं माझी मुलं आहेत, विनाकारण कोणाला बंदीत टाकू नका, असं त्यात राजा सांगतो. ज्यांची माणसं मेली, त्यांच्या डोळ्यांसमोर मेलेल्यांचा आकडा त्यानं कोरला नाही.